वरच्या मजल्यावरचा मासा

३ फेब्रुवारी, सोमवार

आज माझ्या पोटात माशाचं पाणी गेलं. सोमवारी! साठ वर्षांत अंड्याच्या केकला हात न लावलेली मी, आणि आज गाजर-फरसबी खाल्ली ती माशाला टेकून भाजलेली.

दुपारी फ्रीज उघडला. अगदी मागं सरकवलेला काचेचा डबा होता. आत गाजराचे लांब तुकडे, फरसबी, ढोबळी मिरची, कडेनं जरा करपलेली, वर मिरपूड. वाटलं, सूनबाईंनी सकाळी डब्याला केलेली भाजी उरली असेल. सोमवारी मी एकदाच जेवते, आणि नेमकी तीच भाकरीबरोबर घेतली. चांगली लागली. लिहायची लाज वाटते, पण चांगली लागली. लसूण, लिंबू आणि आणखी काहीतरी. ते काय आहे ओळखता येईना म्हणून मी दुसऱ्यांदा वाढून घेतली!

ते काय होतं, संध्याकाळी कळलं. सून संघप्रिया बँकेतून आली, ओट्यावर डबा धुऊन पालथा घातलेला बघितला आणि तिचा चेहरा उतरला. "आई, यातली भाजी कुणी खाल्ली?" मी म्हटलं, मी. ती खुर्चीत बसलीच. "आई, ती माशाबरोबर एकाच ट्रेमध्ये भाजलेली होती."

डोक्यावरून अंघोळ केली. विभूती लावली. लिंगपूजा पुन्हा केली. चार लवंगा चावल्या. चव जात नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी विचारलं, तो डबा माझ्या फ्रीजमध्ये आला कसा? खाली यायचं नाही असं ठरलं होतं ना? म्हणाली, "चुकून ठेवला गेला. माझी चूक, आई." आणि पर्स उचलून कामाला गेली. एवढं मोठं पाप आणि तीन शब्दांत मोकळी!

ठरलं काय होतं ते लिहून ठेवते, कारण या घरात आता कुणालाच ते आठवत नाही. शिवूनं, माझ्या एकुलत्या एका मुलानं, दोन वर्षांपूर्वी हिच्याशी लग्न केलं. आम्ही लिंगायत, ते बौद्ध. अक्कलकोटच्या दिरांनी तोंडं फिरवली, तरी मी मांडवात उभी राहिले. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना सगळे समान म्हणून शिकवलं, घरी वेगळं कसं वागू? एकच अट घातली. या घरात मांसमच्छी शिजणार नाही. ती म्हणाली होती, "चालेल की, मला काहीच अडचण नाही."

चालेल की! पावणेदोन वर्षं चाललं. मागच्या डिसेंबरात वरच्या गॅलरीत ओव्हन आला. केक करायला म्हणून. केक दोनदा झाला, मग खाली वास यायला लागला. शिवूला फोन केला तर तो पुण्यातनं म्हणतो, "वर आमचं आम्ही बघतो, आई. खाली येणार नाही." तो सोमवार ते शुक्रवार पुण्यात. म्हणजे वर खाणारी एकटी कोण? तेव्हाच बोलायला हवं होतं. मूग गिळून बसले, आता भोगते आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज मुद्दाम मठातून लवकर आले. आमचं वचनपठण संध्याकाळी सात ते आठ असतं, सोमवार ते शुक्रवार. मी सव्वासातलाच उठले आणि घरी येऊन थेट वर गेले.

बाईसाहेब तोंडाला ओढणी बांधून गॅलरीच्या टोकाला उभ्या! जणू रस्त्यानं जाणाऱ्यांना कळू नये कोण आहे ते. ओव्हन चालू. काचेतून दिसत होतं — काळ्या ट्रेमध्ये कागद, कागदावर गाजर, फरसबी, कांद्याच्या फोडी आणि मध्ये तो. गुलाबी. गाजराच्याच रंगाचा मासा असतो हे मला या वयात कळायचं होतं. सॅमन म्हणे. शिवू दर रविवारी रात्रीच्या गाडीनं जातो आणि शुक्रवारी येताना पुण्याहून बर्फाच्या डब्यात घालून आणतो. आईला चितळ्यांची बाकरवडी आणायला सांगितलं तर विसरतो.

म्हटलं, काय करतेस हे? तिनं शांतपणे सगळं सांगितलं, जसं काही मी शिकायला आले होते. भाज्या चिरायच्या, चमचाभर तेल, मीठ, लसूण चोळायचा. त्या दहा मिनिटं आधी घालायच्या, मग मध्ये जागा करून मासा ठेवायचा, वर लिंबाच्या चकत्या. बारा मिनिटं. "कामावरून आल्यावर उभं राहवत नाही, आई. हे आपोआप होतं. धुवायला एकच ट्रे."

आपोआप! मी शाळेतून येऊन रोज वीस भाकऱ्या थापल्या. माझं काहीच आपोआप झालं नाही.

आणि निदान वेगळं तरी भाजावं! भाजी बिचारीनं काय केलंय? माशाचं पाणी सुटतं ते सगळं भाजीत. मी तेच म्हटलं. तर म्हणाली, "त्यामुळंच भाजी खाल्ली जाते." कोण खात नव्हतं भाजी? लहान आहे का ती?

हे तिथंच खुर्चीवर बसले होते, माझे यजमान. मांडीवर टॉवेल. नोव्हेंबरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. व्यायामवाल्या डॉक्टरांनी जिने चढायला सांगितलेत, म्हणून मी मठात गेले की संघप्रिया यांना धरून वर नेते. चौदा पायऱ्या. ते मात्र ती नेमानं करते, मान्य करायला हवं. मी यांना म्हटलं, बघताय ना काय चाललंय? मान खाली. "जाऊ दे की, श्रीदेवी." छत्तीस वर्षं हेच ऐकते आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

यांचं वजन दीड किलोनं वाढलं! ऑपरेशननंतर बारा किलो गेलं होतं. घास गिळत नव्हते, डॉक्टर म्हणाले होते असंच राहिलं तर चालणं विसरा. माझ्या हुग्गीनं सावरलं. गहू भिजवून, सडून, गूळ आणि साजूक तूप घालून रोज सकाळी वाटीभर. मठात सगळ्यांना सांगितलं.

माशाचंही सांगितलं. सांगणार नव्हते, पण मायाक्कानं विचारलं तोंड का उतरलंय. ती माझी चाळीस वर्षांची मैत्रीण. ऐकून तिनं कानावर हात ठेवले. "सोमवारी? तुझ्या तोंडात? अगं, ते खाणारं घरात ठेवलंस कसं?" मग बाकीच्या जमल्या. मी सगळं सांगितलं, ओव्हन, ओढणी, एकच ट्रे. बरं वाटलं. कुणीतरी माझ्या बाजूनं बोललं.

८ फेब्रुवारी, शनिवार

शिवू काल रात्री आला. आज भांडण झालं.

मी म्हटलं, तुझ्या बायकोला मासा हवा असेल तर तिनं माहेरी जाऊन खावा. शिवूनं तोंड उघडलं, यांच्याकडे बघितलं, यांनी पेपर वर केला. शिवूनं तोंड मिटलं. संघप्रिया म्हणाली, "शिवू, नको." आणि माझ्याकडे वळून, "मला लागतं, आई. मी सोडणार नाही." डोळ्याला डोळा भिडवून!

तळपायाची आग मस्तकात गेली. मी सांगून टाकलं — शिवरात्रीच्या आत ते यंत्र घराबाहेर गेलं पाहिजे. नाहीतर त्याच्यासकट तुम्ही.

हे पेपरच वाचत होते. तोही उलटा नव्हता, नीट धरला होता. एका शब्दानं माझी बाजू घेतली नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ती खोली बघते आहे. खुशाल बघू दे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

खोली मिळत नाही म्हणे. विजापूर रोडला एक, सात रस्त्याला दोन, इथं जुळे सोलापुरातच तीन. घरमालकिणी नोकरी विचारतात, हसतात, पाणी किती दिवसांनी येतं ते सांगतात. आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असते. शिवूनं फोनवर सांगितलं, चिडून. मी म्हटलं, यात माझा काय दोष? मी कधी आडनावावरून काही केलं का? मी फक्त माशाचं म्हटलं.

संध्याकाळी जिन्यात ती समोर आली. मी म्हटलं, ओव्हन काढ, म्हणजे हिंडायला नको. म्हणाली, "ओव्हन काढता येणार नाही, आई." मग वर वळताना, "त्या बायका निदान दारातच सांगतात." दोन पायऱ्या वर गेली तेव्हा मला अर्थ कळला. म्हणजे मी घरात घेऊन मग काढलं, असं म्हणायचंय तिला!

१६ फेब्रुवारी, रविवार

गेले. एका छोट्या टेंपोत सगळं बसलं. नई जिंदगी वस्तीत खोली मिळाली, एका मुसलमान बाईंची. शिवू सांगत होता, त्या म्हणाल्या, "जो पकाना सो पकाओ बेटा, बस पानी आया तो मोटर मेरे कू पूछ के लगाना."

ओव्हन शेवटी नेला. शिवूनं पोत्यात गुंडाळून. संघप्रियानं माझ्या पाया पडून निरोप घेतला. यांच्या पाया पडताना यांनी तिचा हात धरला तो सोडेनात. मी सोडवला.

मी वरचा मजला धुतला. गॅलरी, खिडक्या, कडप्प्याचा ओटा. दोन बादल्या फिनेल.

आता घर घरासारखं झालं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

हुग्गी केली. दोन चमचे खाऊन वाटी सरकवली. "ब्याड," म्हणाले कन्नडात. काल संध्याकाळीही भाकरीचा एक चतकोर. म्हटलं, नको कसं? एवढ्या दिवसांत कधी नको म्हणाला नाहीत. तर म्हणाले, "सकाळची खात होतो की. तुझ्या समाधानासाठी."

आजारी माणसाचं बोलणं मनाला लावून घ्यायचं नसतं. मी लावून घेतलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

चौथ्या पायरीवरून परत फिरले. माझा हात धरून चढायचे नाहीत. "वर जाऊन काय करू?" म्हणतात. जिना काय वरच्यासाठी चढायचा असतो? पायासाठी चढायचा असतो! वजनकाट्यावर उभं केलं तर पुन्हा एक किलो कमी. चार दिवसांत! चेहरा त्या हॉस्पिटलातल्या दिवसांसारखा दिसायला लागला, गाल आत गेलेले. मला धडकी भरली, आणि धडकी भरली की मी ओरडते. ओरडले.

सगळा तिचा दोष. म्हाताऱ्या माणसाला लळा लावायचा, रोज हात धरून वर न्यायचं आणि मग हट्टापायी घर सोडून जायचं. मासा तिला सासऱ्यापेक्षा मोठा! उद्या तिच्या आईला जाऊन विचारणार आहे, हेच शिकवलं का म्हणून.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बुधवार पेठेत जाऊन आले.

मुक्ताबाई, संघप्रियाची आई, दारातच भांडी घासत होत्या. हात पुसत उठल्या. चटई टाकली, पंखा लावला, चहा ठेवते म्हणाल्या. मी म्हटलं, नको, उपवास आहे. शुक्रवारी मी कुठला उपवास करते? त्यांना कळलं. त्यांनी चहा ठेवला नाही, पाण्याचा तांब्याही परत आत नेला. मी बघितलं आणि तरी बोलत सुटले. तुमच्या मुलीनं माशासाठी घर मोडलं, सासरे जेवत नाहीत, तिला सांगा मासा सोड आणि परत ये.

मुक्ताबाई चटईवर समोर येऊन बसल्या.

"मासा? कोन, आमची संघी?"

हो, रोज. सोमवार ते शुक्रवार.

"आवो ताई, ती सहावीत असताना चिलापीचा काटा घशात गेला तिच्या. सिव्हिलला न्यावं लागलं, रगत आलं. तवापासनं मासा घरात आणला तरी पोरगी भाईर जाऊन बसती, नाकाला फडकं लावून. तिच्यापायी आमी मासा आणायचाच सोडला. तिचं लगीन तुमच्यात ठरलं तवा मी ह्यास्नी म्हनलं बी, बरं झालं, हिला जमंल त्यांच्यात. लई बरं झालं म्हनलं."

नाकाला फडकं. ओढणी!

मी म्हटलं, मग ओव्हनमध्ये मासा कुणासाठी? मुक्ताबाई म्हणाल्या, "ते मला कसं ठावं? तुमच्या घरात खानारं कोन हाय ते तुमी बघा की."

शिवू पुण्यात. मी मठात. रिक्षात बसल्यावर मी घरातली माणसं मोजली. मोजायला वेळ लागला नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

विचारलं. दार लावून, समोर बसून. आम्ही दोघं भांडतो कन्नडात, लिहिते मराठीत.

मी म्हटलं, वर मासा कोण खात होतं? पेपर शोधायला लागले. पेपर मी आधीच उचलून ठेवला होता.

"मी," म्हणाले.

ऑपरेशननंतर चार दिवस पोटात काही नव्हतं. पाचव्या दिवशी दुपारी मी घरी अंघोळीला आले होते, संघप्रिया खाटेशेजारी होती. तिनं विचारलं, अप्पा, काय खावंसं वाटतंय, काहीही सांगा. हे म्हणाले, मासा मिळेल का? ती घाबरलीच म्हणे. मग डॉक्टरांना विचारून आली. डॉक्टर म्हणाले, उत्तम, द्या. तळला तर वास खाली जाईल आणि तिला तर जवळ उभं राहवत नाही. म्हणून ओव्हन. आत ढकलायचं, दार लावायचं, गॅलरीत जाऊन उभं राहायचं. सॅमन का, तर काटे निघत नाहीत, यांचा हात कापतो. भाजी त्याच ट्रेमध्ये का, तर हे भाजी नुसती खात नव्हते, माशाच्या पाण्यातली खायचे. आणि त्या सोमवारचा डबा? "मीच टॉवेलात गुंडाळून खाली आणला होता. आदल्या शुक्रवारचा. वाटलं, सकाळी तू पूजेला बसलीस की खाईन. राहून गेला."

म्हणजे मला बाटवलं ते यांनी. आणि यांनी पेपर वाचला!

पण खरं पुढंच आहे. मी म्हटलं, म्हाताऱ्या वयात ही चव लागली कुठून? टॉवेलाची घडी करायला लागले. पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाले, "टेंभुर्णी."

टेंभुर्णी. यांची तूर-हरभऱ्याची आडत होती. सोमवारी दुधनीचा बाजार, मंगळवारी टेंभुर्णीचा. दुधनीहून भुकेले यायचे, टेंभुर्णीहून आले की जेवायचे नाहीत. "शेतकऱ्यानं आग्रह केला, झुणका-भाकरी खाऊन आलो." मी ताट झाकून ठेवायची, बुधवारी शिळं मी खायची. तिथं हायवेला उजनी धरणाचा ताजा मासा मिळतो हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. मला एकटीला माहीत नव्हतं. किती वर्षं? म्हणाले, "आडत बंद केली तोवर." हिशेब केला तर एकतीस वर्षं. एकतीस वर्षांचे मंगळवार!

गळ्यातल्या लिंगाचं काय करत होतात, विचारलं. "सदऱ्याच्या आत असायचं की."

मी हसले. हसू आलं, काय करू? मग हातातली वाटी भिंतीवर मारली. हुग्गीचीच होती.

२३ फेब्रुवारी, रविवार

बोलत नाही मी यांच्याशी. जेवण ठेवते, उचलते.

मासा खाल्ला याचा राग आहेच. पण रात्रभर विचार केला तेव्हा त्याखाली दुसरा राग सापडला. मी मठात हुग्गीचं कौतुक सांगत होते आणि वजन वाढलं होतं माशानं. नवरा जगवला सुनेनं, नाक बांधून. मी तिला घराबाहेर काढलं.

आणि एकदाही, एकदाही माझ्या मनात आलं नाही की खाणारं दुसरं कुणी असेल. वास आला की मी थेट तिच्याकडे बोट दाखवलं. पोरांना काय शिकवलं मी तीस वर्षं?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

संघप्रियाच्या खोलीवर गेले. एकच खोली, मोरीत ड्रम भरून ठेवलेले. ओव्हन खिडकीत, स्वच्छ पुसलेला. तिथं आल्यापासून लावलेलाच नाही.

मी माफी मागायला गेले होते आणि भांडायला लागले. मला का नाही सांगितलंस? म्हणाली, "अप्पांनी हात जोडले होते." म्हटलं, मग स्वतःवर का घेतलंस? मी खात नाही एवढं तरी म्हणायचंस! तर म्हणाली, "म्हणाले असते तर तुम्ही विचारलं असतं, मग कोण? आणि खरं सांगू, आई? मला घ्यावंच लागलं नाही. तुम्ही आधीच ठरवलं होतं. मी फक्त नाही म्हटलं नाही."

मी म्हटलं, चल घरी. यांचं वजन उतरतंय. हट्ट पुरे झाला.

तिनं उठून ड्रमवरचं झाकण नीट बसवलं. मग म्हणाली, "मायाक्कांची भाची माझ्याच शाखेत आहे. तुम्ही मठात सांगितलेलं सोमवारी बँकेत पोचलं. डबा खाताना दोघींनी खुर्च्या सरकवल्या. माझ्या डब्यात मेथी होती, आई." रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"अप्पांचा डबा मी उद्यापासून पाठवते. त्यासाठी तुम्ही यायची गरज नव्हती. पण मी त्या घरात परत यायचं असेल, तर जिथं सांगितलंत तिथं जाऊन खरं काय ते सांगा. त्याच बायकांना. मग मी त्याच दिवशी येते."

घरी येऊन यांना सांगितलं. तीन दिवसांत पहिल्यांदा बोलले मी. तर रडायला लागले. दोन वेळा पंच होते मठाचे, पुढच्या महिन्यात यांचा सत्कार आहे. "माझी पत जाईल, श्रीदेवी. मी मासा सोडतो. मी उपाशी राहतो. पण मठात नको. तिला काय, ती समजूतदार आहे."

ती समजूतदार आहे! म्हणजे तिनं सोसावं, आणि यांनी शाल घ्यावी!

पण पत काय यांची एकट्याची आहे? मायाक्का काय म्हणेल? चाळीस वर्षं मी पहिल्या रांगेत बसते. दिरांच्या कानावर जाईल. ते हसतील. बाई, तुझाच नवरा!

काय करू, सुचत नाही. दिवा मालवते.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्री

अभिषेकाच्या रांगेत मायाक्का पुढं होती. मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सुटलीस बाई. मासे खाणारं गेलं एकदाचं घरातनं."

मी म्हटलं, जी गेली ती मासा खातच नाही. खाणारं घरातच आहे, छत्तीस वर्षं माझ्या शेजारी झोपतंय.